किल्ली कुणाच्या कमरेला?

लक्ष्मीपूजनाचा दिवस. संध्याकाळी घरोघरी चौरंगावर लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी, वही आणि नाणी मांडली जातात. पेढीवर आणि दुकानांत तिजोरीच्या किल्ल्यांनाही हळदकुंकू लागते. किल्लीला आपल्याकडे नुसत्या लोखंडाच्या तुकड्याची किंमत कधीच नव्हती. सासूने कमरेचा जुडगा सोडून सुनेच्या हाती दिला की घरातला कारभार बदलला, हे वेगळे सांगावे लागत नसे. किल्ली ज्याच्या हाती, घर त्याचे, इतका साधा हिशेब होता.

२०२५ साली दोन तारखा या सणाच्या जोडीला आल्या. लक्ष्मीपूजन होते २१ ऑक्टोबरला, आणि हाच दिवस २०२१ पासून ‘जागतिक एन्क्रिप्शन दिवस’, म्हणजे माहितीला कुलूप लावण्याच्या तंत्राचा दिवस, म्हणून पाळला जातो. आणि त्याच्या चारच दिवस आधी, १७ ऑक्टोबरला, आपला माहिती तंत्रज्ञान कायदा लागू होऊन २५ वर्षे झाली. त्या कायद्याने कागदावरच्या सहीइतकाच मान डिजिटल सहीला दिला. त्यातले ४२ वे कलम फारसे कुणी वाचलेले नसते. ज्याच्या नावे डिजिटल सहीचे प्रमाणपत्र आहे, त्याने आपली खासगी किल्ली, म्हणजे ‘प्रायव्हेट की’, आपल्याच ताब्यात राहील याची वाजवी काळजी घ्यावी आणि ती उघड होऊ देऊ नये, असे ते कलम सांगते. म्हणजे किल्ली सांभाळण्याची जबाबदारी कायद्याने पाव शतकापूर्वीच सामान्य माणसावर टाकली आहे. ती त्याला पेलावी म्हणून आपण काय केले, हे आज विचारायला हवे.

गेल्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका ग्रामपंचायतीत गेलो होतो. संगणक परिचालकाच्या टेबलाच्या खणात डिजिटल सहीचे दोन डोंगल होते. एकाला लाल दोरा बांधलेला, दुसऱ्याला पांढरी चिकटपट्टी. दोन्हींवर बॉलपेनने बारीक अक्षरांत पिन लिहून ठेवलेला. लाल दोऱ्याचा डोंगल सरपंचताईंचा, चिकटपट्टीचा ग्रामसेवकांचा. वित्त आयोगाच्या निधीतून गटाराचे, पेव्हर ब्लॉकचे, शाळेच्या शौचालयाचे बिल द्यायचे तर या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची. पूर्वी चेकवर दोघांच्या सह्या असत, त्याचीच ही नवी आवृत्ती. दोन माणसांनी पाहिल्याशिवाय सार्वजनिक पैसा हलू नये, हा त्यामागचा शहाणपणा. आता दोन्ही सह्या एकाच खणात होत्या. परिचालक भला मुलगा होता. कामे खोळंबू नयेत म्हणूनच त्याने तसे ठेवले होते, आणि यात काही चुकते आहे हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते.

सरपंचताईंना विचारले, “ताई, तुमची सही कधी होते, हे तुम्हाला कळतं का?” त्या म्हणाल्या, “ते करतात सगळं. नंतर मला फोन येतो.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “चेकबुक होतं तेव्हा ते माझ्या कपाटात असायचं. किल्ली माझ्याकडं. रक्कम वाचल्याबिगर मी सही केली नाही कधी. हे काय असतंय, ते मला कुणी दाखवलंच नाही.”

याच ताई आधी आठ वर्षे बचत गटाच्या सचिव होत्या. गटाची पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी ठेवायची, हा नियम त्यांनीच घालून दिला होता. पेटी असलेल्या घरात किल्ली कधी राहू द्यायची नाही. डोंगल आणि पिन यांची रचना नेमकी तीच आहे. डोंगल म्हणजे पेटी, पिन म्हणजे किल्ली. एकटा डोंगल चोराच्या हाती लागला तर उपयोग नाही, नुसता पिन कळला तरी उपयोग नाही. डोंगलवर पिन लिहिणे म्हणजे पेटीलाच किल्ली बांधून ठेवणे. हे वाक्य बोललो आणि ताईंनी खणाकडे पाहिले. समजावून सांगायला मला अर्धा मिनिटही लागला नव्हता. ज्यांना आपण ‘तंत्रज्ञान न कळणारे’ म्हणतो, त्यांना किल्ल्या सांभाळण्याचे शास्त्र चांगले कळते. त्यांच्या शास्त्राशी आपल्या यंत्राची गाठ घालून देणारा माणूस तेवढा मध्ये नसतो.

राज्यात निम्मी सरपंचपदे महिलांसाठी राखीव आहेत. ‘सरपंचपती’ हा शब्द आपल्या भाषेत का आला, हे सांगायला नको. खुर्ची बाईची आणि कारभार दुसऱ्याचा, ही तक्रार जुनी आहे. पण चेकच्या काळात निदान सहीच्या वेळी तरी कागद तिच्यापुढे येत असे. डोंगलने तेवढेही ठेवले नाही. सहीच तिच्यापासून सुटी होऊन खणात जाऊन पडली. म्हणून किल्लीचा प्रश्न मला कधीच नुसता संगणकाचा वाटत नाही.

किल्ली सामान्य माणसाला पेलेल इतकी सोपी असावी, ही मागणी आजची नाही. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने पॅरिसच्या एका लष्करी नियतकालिकात गुप्तलेखनाच्या सहा अटी मांडल्या. त्यातली दुसरी अट या विद्येच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीत असावे, असे ती सांगते. सहावी अट मात्र बहुतेक जण विसरतात. पद्धत वापरायला सोपी असावी, ती वापरताना डोक्याला ताण पडू नये आणि नियमांची लांबलचक जंत्री लक्षात ठेवावी लागू नये. धावपळीत, अपुऱ्या उजेडात, दमलेल्या शिपायाला तारेवरचा निरोप लिहायचा असतो, हे त्याच्या डोळ्यांपुढे असावे. आज त्या शिपायाच्या जागी बँकेच्या रांगेत उभे राहून फोनवर आलेला आकडा वाचणारे निवृत्त शिक्षक आहेत.

दुसऱ्या अटीवर जगाने भव्य इमारत उभी केली. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी हजारो वर्षांची एक अडचण सोडवली. कुलूपबंद पेटी पाठवता येते, पण तिची किल्ली दुसऱ्याकडे कशी पोचवायची? वाटेत तीच कुणी पळवली तर? त्यांचा तोडगा घरगुती भाषेत असा सांगता येतो. मी माझी उघडी कुलपे गावभर वाटून ठेवतो. ज्याला मला निरोप द्यायचा आहे त्याने तो पेटीत घालावा, माझे कुलूप दाबून बसवावे आणि पेटी खुशाल चव्हाट्यावरून पाठवावी. ती उघडणारी किल्ली माझ्या कमरेची कधी सुटलेलीच नसते.

पण या उघड्या कुलपाला नाव काय मिळाले? ‘पब्लिक की’, म्हणजे सार्वजनिक किल्ली. आणि खऱ्या किल्लीला ‘प्रायव्हेट की’. कुलूपही किल्ली आणि किल्लीही किल्ली. किल्ली गावभर वाटा, असे ऐकल्यावर कोणत्याही शहाण्या माणसाने कानावर हात ठेवावेत. गणितज्ञांचे त्या नावाने अडले नाही, कारण त्यांच्यापुढे सूत्र होते. बाकीच्यांच्या हाती फक्त नाव असते. मराठीत आपण हे शब्द घेताना तरी विचार करायला हवा होता. आपल्याकडे कुलूप, किल्ली, लखोटा, शिक्का असे शब्द तयार आहेत. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब, म्हणजे त्याखाली कुणाला एक ओळही वाढवता येऊ नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण अजून रोज वापरतो. डिजिटल सही तेच काम करते. पत्र कुणाचे हे ती सांगते आणि त्यात नंतर फेरफार झालेला नाही याची खात्री देते. सरपंचताईंना ‘डीएससी टोकन’ न म्हणता ‘हा तुमचा शिक्का’ असे पहिल्या दिवशी कुणी सांगितले असते, तर तो परक्या खणात गेला असता का? शिक्का दुसऱ्याच्या हाती द्यायचा नसतो, हे गावात कुणाला शिकवावे लागत नाही.

सहावी अट विसरल्याचा परिणाम १९९९ साली कागदावर आला. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये सामान्य माणसासाठी पीजीपी नावाची प्रणाली मोफत उपलब्ध करून दिली होती आणि त्यापायी अमेरिकी सरकारची चौकशी काही वर्षे सोसली होती. हेतू थोर होता. आल्मा व्हिटन आणि डग टायगर या संशोधकांनी तिची पाचवी आवृत्ती बारा जणांच्या हाती दिली. हे लोक शिकलेले, ई-मेल वापरणारे. दीड तासात एक निरोप सही करून, कुलूप लावून पाठवायचा होता. जेमतेम एक तृतीयांश लोकांना ते जमले. तिघांनी तर गुपित उघडेच पाठवून दिले. व्हिटन आणि टायगर यांनी दोष त्या बारा जणांच्या माथी मारला नाही. पडद्यावरच्या त्याच त्या किल्लीच्या चित्रांनी माणसे गोंधळतात, आणि कुलूप लागले की नाही हे त्यांना कळत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

यातली दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण दाराला कुलूप लावतो आणि मग ते एकदा खाली ओढून बघतो. गावाला निघालेली आई जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढून बघते. तो हिसका म्हणजेच तिची खात्री. एन्क्रिप्शनला असा हिसका नाही. लागलेले कुलूप आणि न लागलेले कुलूप पडद्यावर सारखेच दिसते, आणि चूक कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

जाणत्यांचीही हीच गत. २०१२ च्या डिसेंबरात, अमेरिकी सरकारच्या छुप्या पाळतीची कागदपत्रे पुढे उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला टोपणनावाने संपर्क केला आणि पीजीपी बसवून घ्या, मगच बोलता येईल, असे कळवले. पायरी-पायरीने शिकवणारा व्हिडिओही करून पाठवला. ग्रीनवाल्ड यांच्याकडून ते राहूनच गेले. शेवटी स्नोडेन यांनी एन्क्रिप्शन येत असलेल्या माहितीपटकार लॉरा पॉइट्रस यांना गाठले आणि बातमी २०१३ च्या जूनमध्ये जगापुढे आली. त्या काळातली सर्वांत मोठी बातमी एक कुलूप अवघड होते म्हणून दाराबाहेर ताटकळली.

मग २०१६ च्या एप्रिलपर्यंत शंभर कोटींहून अधिक लोकांच्या निरोपांना कुलूप लागले. व्हॉट्सअॅपने सिग्नल या दुसऱ्या निरोप-सेवेची पद्धत सर्वांसाठी लागू केली. कुणाला काही शिकावे लागले नाही, कुणी किल्ली बनवली नाही, कुणाला दीड तास बसावे लागले नाही. किल्ल्या फोननेच घडवल्या आणि फोननेच सांभाळल्या. ‘शुभ सकाळ’चे फूल पाठवणाऱ्या आजोबांच्या निरोपालाही तेच कुलूप आणि मंत्रालयातल्या सचिवाच्या निरोपालाही तेच. या क्षेत्रात सामान्य माणसासाठी झालेले हे सर्वांत मोठे काम आहे, असे मी मानतो.

त्यातही एक फट उरली. पलीकडचे कुलूप खरोखर माझ्या बहिणीचेच आहे, की मध्ये कुणी आपले कुलूप सरकवले आहे? ते पडताळायला साठ अंकांचा एक कोड असतो, दोघांनी तो एकमेकांशी जुळवून पाहायचा. आजवर कुणालाही तसे करताना मी पाहिलेले नाही, आणि तसे करावे अशी अपेक्षा ठेवणेही चूक आहे. २०२३ पासून ही पडताळणी यंत्रानेच मागच्या मागे करण्याची व्यवस्था व्हॉट्सअॅप आणि अॅपल यांनी सुरू केली. जे काम माणसाने करण्यासारखे नाही ते त्याच्यावर लादायचे नाही, हे शहाणपण यायला बरीच वर्षे गेली.

कुलूप लावणे असे सोपे झाले. किल्ली हरवली तर काय, हा प्रश्न आता उघडा पडला आहे, आणि तो मला घरातच भेटला.

माझ्या मावशीचा फोन दोन वर्षांपूर्वी रिक्षात राहिला. त्यातल्या निरोपांच्या बॅकअपला मीच कुलूप लावून दिले होते, चांगले काम केले या समाधानात. परत मिळवायचा संकेत तेव्हा कागदावर उतरवायला हवा होता, तो उतरवला नाही. नवा फोन आला, नंबर तोच मिळाला, बॅकअपही जागच्या जागी होता, पण तो उघडेना. काकांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. बाजारातून येताना काय आणू, असे विचारणारे त्यांचे आवाजातले निरोप त्यात होते. मावशी रोज रात्री त्यातला एखादा ऐकत असे. मला ती एका शब्दाने काही बोलली नाही. फक्त विचारले, “त्या कंपनीच्या ऑफिसात गेलं तर उघडून देणार नाहीत का?”

देणार नाहीत, कारण त्यांनाही ते उघडता येत नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. आपली हरवली तर बँक आपल्यासमोर, आपल्या खर्चाने लॉकर फोडून देते. एन्क्रिप्शनच्या कुलपाला फोडणारा सुतार नाही. तीच त्याची ताकद आहे. ज्याला मावशीसाठी ते फोडता येईल, त्याला इतर कुणासाठीही फोडता येईल. म्हणून सोय आधीच करून ठेवावी लागते. तशी सोय लोकांना सहज सुचेल, समजेल आणि जमेल अशी करून देणे, हे पुढच्या काळाचे खरे काम आहे.

याचेही गणित जुनेच आहे. १९७९ साली आदी शमीर यांनी एक गुपित अनेक तुकड्यांत वाटण्याची रीत मांडली. पाच भावंडांना एकेक तुकडा द्यायचा. कुठलेही तिघे एकत्र आले की गुपित जुळते, दोघांच्या तुकड्यांवरून मात्र काहीच कळत नाही. वडिलोपार्जित वाड्याच्या किल्लीबद्दल घरांत हेच ठरलेले असते. आयफोनमध्ये २०२१ पासून विश्वासातल्या माणसाला ‘रिकव्हरी कॉन्टॅक्ट’ नेमता येते. शेजारच्या काकूंकडे जादा किल्ली ठेवण्याचीच ही रीत, फक्त काकूंना ती एकटीने लावून घरात शिरता येत नाही. आता पासकी आल्या आहेत. २०२२ च्या मे महिन्यात अॅपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून त्यांना पाठिंबा जाहीर केला. संकेतस्थळाकडे कुलूप राहते, किल्ली फोनच्या आत राहते आणि बोट टेकवल्यावर चालते. पाठ करायचा पासवर्डच नाही, त्यामुळे फोनवरच्या गोड आवाजाला सांगून टाकण्यासारखेही काही उरत नाही. नकली संकेतस्थळावर ती किल्ली फिरतच नाही. ज्या अंगठ्याला आपण पिढ्यानपिढ्या निरक्षरतेची खूण मानले, तोच आता उत्तम कुलूप उघडू शकतो.

सोपेपणाच्या नावाखाली दुसरीही एक वाट सुचवली जाते, तिच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ‘तुम्हाला किल्ली सांभाळता येत नाही ना, मग आमच्याकडे द्या,’ असे कंपनी म्हणते, कधी सरकार म्हणते. ब्रिटनमध्ये २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारी मागणीनंतर अॅपलला तिथल्या ग्राहकांसाठी सर्वांत कडक कुलपाची सोय मागे घ्यावी लागली. आपल्याकडे निरोप मुळात कुणी पाठवला हे शोधून द्यायला लावणाऱ्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांवरचा वाद न्यायालयात गेला. एन्क्रिप्शन तोडायला लावले तर भारतातून निघून जावे लागेल, असे व्हॉट्सअॅपने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितले. गुन्हेगार शोधण्याची गरज खरी आहे, आणि ती नाकारणाऱ्यांतला मी नाही. पण प्रत्येक घराची एक किल्ली चौकीत टांगून ठेवली तर ती किल्ली कुणाकुणाच्या हाती जाईल, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. मदत हवी ती किल्ली आपल्याच हातात राहावी म्हणून. ग्रामपंचायतीच्या त्या खणातही ‘तुम्हाला जमत नाही, आम्ही ठेवतो’ यापलीकडे वेगळे काय घडले होते?

डोंगलबद्दल माझे म्हणणे सरळ आहे. सही व्हायच्या आधी रक्कम, कामाचे नाव आणि पैसे कुणाला जाणार हे सरपंचाच्या स्वतःच्या फोनवर स्वच्छ मराठीत दिसावे, मोठ्या अक्षरांत, आणि वाचायला अडचण असेल तर ऐकूही यावे. तिथे तिचे बोट टेकल्याशिवाय पैसा हलू नये. नव्या सरपंचांच्या प्रशिक्षणात पहिला तास शिक्क्याचा असावा. यूपीआयच्या बाबतीत एका वाक्याने किती जणांना वाचवले ते पाहा: पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. पैसे घ्यायला पिन लागत नाही. ज्याला हे एवढे पाठ झाले, त्याला ‘बक्षीस मिळाले, पिन टाका’ म्हणणारा चोर फसवू शकत नाही. अशी वाक्ये घडवणारी माणसे आपल्या बँकांत, शाळांत, तालुक्याच्या कार्यालयांत हवीत, आणि त्यांच्या कामाला गणितज्ञाच्या कामाइतका मान हवा.

मावशीने नव्या फोनचा संकेत दोन कागदांवर उतरवला आहे, देवनागरी अंकांत, कारण इंग्रजी सात आणि एक यांत तिची गल्लत होते. एक कागद रेशनकार्डाच्या डब्यात आहे, दुसरा तिच्या मुलीने नाशिकला नेला.

सरपंचताईंचा वसुबारसेनंतर फोन आला होता. त्यांनी पिन बदलून घेतला आहे. डोंगल आता त्यांच्या कपाटात असतो, परिचालक दर मंगळवारी बिले घेऊन घरी येतो आणि त्या एकेक रक्कम मोठ्याने वाचतात. “वेळ जातो थोडा,” त्या म्हणाल्या. “पण ग्रामसेवकांचा अजून त्याच खणात आहे. त्यांना कोण सांगणार?”